एसटी स्टँड ही शिवी कशी झाली?

दिवाळीत आमच्या गावाकडच्या घरी सगळं गणगोत जमलं होतं. अमरावती जिल्ह्यातल्या संत्रापट्ट्यातलं गाव. आंबिया बहाराचा भाव, कपाशीवरची बोंडअळी, कुणाच्या पोरीचं जमलं, हे सगळं बोलून झालं आणि गाडी विमानतळावरच्या लाऊंजवर, म्हणजे विमानाची वाट पाहताना बसायची-खायची खास सोय असलेल्या वेगळ्या दालनावर, आली. पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा तावातावाने सांगत होता की आधी लाऊंजमध्ये शांतता असायची, आता बँकेचं कार्ड दाखवून कोणीही शिरतं, ताटं भरभरून घेतं, रांग दाराबाहेर जाते. "लाऊंजचा पार एसटी स्टँड करून टाकला लोकांनी," तो म्हणाला. माझा मावसभाऊ बाजार समितीत एका अडत्याकडे हिशेब लिहितो. त्याने दुसरं टोक धरलं: ही सारी पैसेवाल्यांची थेरं आहेत, इथं पोरीच्या फीचे पैसे जुळत नाहीत, बंदच करा ते लाऊंज. तासभर दोघं भांडले. मोबाइलवर हा वाद रोज याच दोन टोकांवरून चालतो. एकाला कार्डवाले 'फुकटे' दिसतात, दुसऱ्याला लाऊंज हेच पाप दिसतं. मला वाटतं, दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. लाऊंजमध्ये कोण शोभतं हा प्रश्नच नव्हे. त्याच छताखाली, तिकिटातून शुल्क भरून बाहेर बसलेल्या माणसाला आडवं व्हायला, पाय धुवायला, परवडेल असं गरम काही खायला जागा का नसावी, हा प्रश्न आहे. लाऊंज राहू द्या. कार्डावर आत जाणाऱ्याची लाज काढू नका. पण ज्या चार गोष्टींसाठी माणूस त्या दाराशी रांग लावतो, त्या बाहेरच्या हॉलमध्ये देणं हे विमानतळाचं कर्तव्य आहे.

हे मी ऐकीव माहितीवर बोलत नाही. पुतण्या जर्मनीत आहे. त्याच्या बायकोच्या बाळंतपणासाठी दादा आणि वहिनी निघाले, तेव्हा सोबतीला मीही गेलो. पहाटे गावातून जीप, मग नागपूरपर्यंत एसटी, मग विमान, आणि पुढे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर सात तासांचा थांबा. वहिनीचे गुडघे गेलेले, पायांना सूज. हॉलमधल्या प्रत्येक दोन खुर्च्यांच्या मधे लोखंडी दांडा. बसता येतं, आडवं होता येत नाही, आणि तो दांडा त्यासाठीच असतो. शेवटी तिने पिशवीतली चादर काढून खांबाच्या आडोशाला जमिनीवर अंथरली. पाचच मिनिटांत कुणीतरी येऊन उठवून गेलं. विमानाला तीन तास उरले तेव्हा लाऊंजचं दार आमच्यासाठी उघडणार होतं. पुतण्याने आईवडिलांच्या नावाने ॲड-ऑन कार्डं, म्हणजे स्वतःच्या खात्याला जोडलेली जादा कार्डं, काढून दिली होती, माझ्या पगारखात्याच्या डेबिट कार्डावर दोन रुपये कापले गेले. दारातल्या माणसाने दादाचं धोतर आणि टोपी पाहून कोणतं विमान, कोणाचं कार्ड, नाव काय, हे तीनदा विचारलं. आमच्या मागच्या कोटवाल्याला एकदाही विचारलं नाही. आत मात्र वहिनीने गरम पाण्याने तोंड आणि पाय धुतले, वाटीभर वरणभात खाल्ला, पाय लांब करता येतील अशा खुर्चीत दीड तास गाढ झोपली. उठल्यावर मला म्हणाली, "भाऊजी, इथं झोपू देतेत. मंग बाहीर काऊन उठवलं होतं?"

तिथे मला उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या उत्तराच्या शोधात आहे.

आधी भाच्याच्या बाजूचं जे खरं आहे ते कबूल करायला हवं, आणि ते थोडंथोडकं नाही. ज्याने बिझनेस क्लासचं तिकीट घेतलं, त्याला विमान कंपनीने लाऊंजचा शब्द दिलेला असतो आणि त्या शब्दाचे पैसे घेतलेले असतात. आठवड्यातून तीनदा उडणाऱ्या माणसाचा लाऊंज हाच कचेरीचा कोपरा असतो. त्याला बसायला जागा मिळाली नाही तर त्याची तक्रार रास्त आहे. शिवाय 'फुकट' या शब्दातही तथ्य आहे, फक्त तो चुकीच्या माणसाला लावला जातो. कार्डावर आत गेलेल्या प्रत्येक माणसामागे बँक किंवा कार्डाचं जाळं चालवणारी कंपनी लाऊंज चालवणाऱ्याला पैसे मोजते. ते येतात कुठून? काही वार्षिक फीमधून, काही व्याजातून, आणि बराचसा भाग दुकानातून. क्रेडिट कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशातून ठरावीक टक्का कापला जातो आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. दुकानदार तो टक्का किमतीत धरून चालतो. म्हणजे तालुक्याच्या दुकानात रोख पैसे देऊन लुगडं घेणारी बाई आणि कार्ड घासणारा इंजिनिअर सारखीच किंमत देतात, आणि लाऊंजमध्ये जातो फक्त इंजिनिअर. माझ्या भाच्याच्या ताटाचे चार पैसे त्या लुगडेवालीने भरले आहेत. रुपे डेबिट कार्डावर आणि यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून हा आकार घेतला जात नाही, त्यामुळे तिथला लाऊंजचा खर्च बँकांना दुसरीकडून काढावा लागतो. म्हणून तर आता बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट आली आहे. गावात २०१४ मध्ये जनधनची शिबिरं लागली तेव्हा रांगेत उभं राहून लोकांनी जे कार्ड घेतलं, त्यावरही रुपे हेच नाव होतं. ते दाखवून लाऊंजचं दार उघडत नाही.

पण गर्दीचा दोष आत जाणाऱ्यावर टाकणं हा शुद्ध अन्याय आहे. ही दारं त्याने फोडलेली नाहीत. विमान कंपनीचं पहिलं लाऊंज अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ साली उघडलं, आणि सुरुवातीला ते कंपनीने निमंत्रण दिलेल्या बड्या गिऱ्हाइकांपुरतं होतं. पुढे पैसे भरून सभासद होता येऊ लागलं. १९९२ मध्ये प्रायॉरिटी पास नावाचं सभासदत्व निघालं आणि कुठल्याही कंपनीच्या तिकिटावर वेगवेगळ्या विमानतळांवरच्या लाऊंजमध्ये जायची सोय झाली. मग बँकांनी कार्ड खपवायला हीच सोय जाहिरातीत छापली. ज्याने छापलं त्याला जाब न विचारता जाहिरात वाचून आलेल्या माणसाला 'फुकटा' म्हणायचं, ही कुठली रीत? आणखी एक गोष्ट या भांडणात कायम घोटाळली जाते. विमान कंपनीचं स्वतःचं लाऊंज वेगळं आणि कार्डावर चालणारं सामायिक लाऊंज वेगळं. पहिल्यात सहसा वरच्या वर्गाचं तिकीट किंवा त्या कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशाचं वरच्या पायरीचं सभासदत्व लागतं. दादावहिनी ज्याच्या दारात उभे होते ते दुसऱ्या प्रकारचं होतं. तिथे कोणाच्याही बिझनेस क्लासवर त्यांनी अतिक्रमण केलेलं नव्हतं.

हीच भाषा आम्ही अलीकडे आणखी एका ठिकाणी ऐकली आहे. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा 'आता या बाया नुसत्या फिरत बसतील' असं म्हणणारे आमच्याच पारावर होते. त्या बाया कुठे गेल्या? दवाखान्यात, माहेरी, तालुक्याच्या बँकेत, लेकीच्या वसतिगृहावर. सवलत मिळालेल्या माणसाचा प्रवास पाहणाऱ्याला चैन वाटतो. आधी तो प्रवास तिने दाबून ठेवला होता, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

दारातल्या त्या तीन प्रश्नांबद्दल थोडं सावधपणे लिहायला हवं. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचं नाव आहे. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसोबत साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आलं नव्हतं. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि मुलं महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं कबूल करूनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचं, असं ठरलं तेव्हा कुठे ती निघाली. आमचा तो प्रसंग याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि कोणी बरोबरी करू लागला तर मी त्याला थांबवीन. लाऊंजचं दार जात विचारत नाही, कार्ड विचारतं. हा बदल लहान नाही आणि तो लढून मिळालेला आहे. म्हणूनच कार्ड चालत असताना धोतर पाहून पुन्हा पुन्हा विचारणा होते तेव्हा ती जास्त लागते. यंत्राने होकार दिल्यावरही माणूस नकाराची जागा शोधत राहतो.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. विमानतळ चालवायला पैसा लागतो, आणि लाऊंज, दुकानं, जाहिराती यातून तो येतो. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने अशा बिगरहवाई उत्पन्नातला ३० टक्के वाटा प्रवाशांवरचे आणि विमानांवरचे आकार खाली ठेवण्याकडे वळवायचा, अशी पद्धत ठरवली. म्हणजे लाऊंज जेवढं चालेल तेवढा साध्या प्रवाशाचा भार हलका होतो. बाहेर सगळं फुकट आणि चांगलं दिलं तर लाऊंज कोण घेईल, आणि मग तो भार कोणावर पडेल? हा युक्तिवाद हसून उडवण्यासारखा नाही. पण नीट पाहिलं तर त्याच्या पोटातच खरं दुखणं आहे. बाहेरची अवस्था सुधारली की आतला धंदा बसतो, असं तो स्वतःच सांगतो. म्हणजे बाहेर गैरसोय राहण्यात चालवणाऱ्याचा फायदा आहे. फ्रान्सचा अभियंता ज्यूल द्यूप्वी याने १८४९ मध्येच रेल्वेबद्दल हे लिहून ठेवलं आहे. तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसायचं, बाकं लाकडी असायची. द्यूप्वी म्हणतो, छपराला लागणाऱ्या थोड्या पैशांसाठी कंपनी असं करत नाही, आणि गरिबाला छळावं हाही तिचा हेतू नसतो. ज्याला दुसऱ्या वर्गाचे पैसे देणं परवडतं त्याने तिसऱ्यात बसू नये, त्याला धाक बसावा, म्हणून छप्पर ठेवलेलं नसतं. गरिबाला त्रास होतो तो श्रीमंताला घाबरवण्यासाठी. खुर्च्यांमधला तो लोखंडी दांडा आठवून पाहा. तो काढायला किती खर्च येईल?

आपल्या देशाने या प्रश्नाला एकदा चांगलं उत्तर दिलेलं आहे आणि ते एका मराठी माणसाने दिलं. रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदावरून गेला. डब्यावरचा आकडा बदलला, लाकडी फळी तीच राहिली. १९७७ मध्ये प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या त्या फळीवर दोन इंच फोमची गादी बसवायला सुरुवात केली. पहिल्या वर्गाचं त्यांनी काही काढून घेतलं नाही. वरच्याला खाली ओढायचं नाही, खालच्याला वर न्यायचं, ही त्यांची भूमिका होती. पहिला वर्ग बुडाला काय? वातानुकूलित डबे पुढे वाढतच गेले. दोन इंचांच्या गादीने देशातल्या कोट्यवधी पाठींना झोप दिली आणि वरच्या वर्गाचं काही बिघडलं नाही. विमानतळांचंही तेच आहे. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पैसे न घेता पाय पसरायच्या खुर्च्या आहेत, फुकट सिनेमागृह आहे, आणि तरीही तिथली लाऊंजं व्यवस्थित चालतात. नागपूरहून थेट विमान जातं त्या दोह्यात कोणत्याही प्रवाशाला वापरता येतील अशा आरामखुर्च्यांच्या शांत खोल्या आहेत. आणि आपल्याकडे? डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर उडान यात्री कॅफे हे स्वस्त चहा-नाश्त्याचं दुकान निघालं. चहा १० रुपये, पाण्याची बाटली १० रुपये, समोसा २० रुपये. पुढे चेन्नईला तसंच निघालं. विमानतळावर दहा रुपयांत चहा देता येणारच नाही, असं इतकी वर्षं सांगितलं गेलं. तो देता येतो हे आता सिद्ध झालं आहे.

पण परदेशी दाखल्यांची आम्हाला गरज काय? थांबलेल्या माणसाची सोय कशी करावी, हे वऱ्हाडाने अख्ख्या महाराष्ट्राला शिकवलं आहे. गाडगेबाबा आमच्या जिल्ह्यातल्या शेंडगावचे. देवळं बांधण्यात त्यांनी आयुष्य घालवलं नाही, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी. वारकरी, रोगी, बायाबापड्या रात्री कुठे टेकतील, हा त्यांचा प्रश्न होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. देवाच्या दारापर्यंत आलेल्या माणसाला त्याच गावात पाठ टेकायला जागा मिळत नव्हती, म्हणून ती इमारत उभी राहिली होती. आज शेगावला गजानन महाराज संस्थानात जा. सणाला लोटणारी गर्दी कोणत्याही लाऊंजपेक्षा कितीतरी पट मोठी असते. तरी रांगेत पाणी मिळतं, फरशी लखलखीत असते, महाप्रसाद विनामूल्य असतो आणि भक्तनिवासात साध्या माणसाला परवडेल अशी खोली मिळते. गर्दी झाली की घाण होणारच, गरीब आला की शिस्त जाणारच, असं म्हणणाऱ्याने एकदा त्या रांगेत उभं राहून पाहावं. गर्दीला माणूस समजून व्यवस्था लावली तर गर्दीही माणसासारखी वागते.

मावसभावाच्या म्हणण्याला अजून उत्तर दिलेलं नाही, आणि त्याचं म्हणणं मला भाच्यापेक्षा जास्त बोचतं. ज्या मुलुखात नापिकी आणि कर्जापायी माणसं जीव देतात, तिथे विमानतळावरच्या खुर्चीची चिंता करायची? गावातली बहुतेक माणसं आयुष्यात विमानात बसणार नाहीत, हेही खरं. पण विमान ही आता फक्त पैसेवाल्याची गोष्ट राहिलेली नाही. आखातात मजुरीला जाणारा पोरगा, परदेशात नर्सिंग करणारी पोरगी, आणि तिच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन निघालेली, गुडघे गेलेली आई, हे सगळे आता त्या हॉलमध्ये बसलेले असतात. आयुष्यात एकदाच जाणाऱ्या माणसालाच सोय जास्त लागते, कारण त्याला आतले रस्ते माहीत नसतात. आणि ती जमीन कोणाची होती? नागपूरला मिहान हा विमानतळालगतचा मोठा उद्योग-प्रकल्प आणि विमानतळ यांसाठी शिवणगावसारख्या गावांची शेतं गेली. ज्या मातीवर हॉल उभा आहे तिच्यावर पाठ टेकण्याचा हक्क मागणं ही चैन कशी? 'बंदच करा' म्हणून मावसभावाचा रागही फुकट जातो. लाऊंज बंद झालं म्हणून बाहेर एकही खुर्ची वाढणार नाही. वहिनीची ती दीड तासाची झोप तेवढी जाईल.

आणि एसटी स्टँड? भाच्याने तो शब्द शिवीसारखा वापरला तेव्हा दादा काहीच बोलले नाहीत, फक्त सुपारी कातरत राहिले. त्यांचं अर्धं आयुष्य एसटी स्टँडवर गेलं आहे. संत्र्याचे पैसे आणायला नागपूर, आईच्या ऑपरेशनला वर्धा, पुतण्याच्या ॲडमिशनला अमरावती, दरवेळी तेच बाक, तीच धूळ, मे महिन्यात पत्र्याखाली ४५ अंशांची भट्टी, आणि कधी येईल ते न सांगणारी गाडी. एसटी स्टँड ही शिवी झाली यात तिथे बसणाऱ्यांचा काही दोष नाही. तिथे बसणाऱ्यांसाठी काही करायचं नाही, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणून ती झाली. उन्हाळ्यात गावोगावचे लोक रस्त्यावर पाणपोई घालतात, रांजणाला ओलं फडकं गुंडाळतात, ये-जा करणाऱ्याला जात-गाव न विचारता पाणी देतात. तेच लोक सरकारी इमारतीत थांबताना पाण्याची अपेक्षासुद्धा सोडून देतात. विमानतळाचा बाहेरचा हॉल आणि एसटीचा स्टँड यांच्यात काच आणि थंड हवा एवढाच फरक आहे. थांबणाऱ्याकडे बघण्याची नजर दोन्हीकडे एकच आहे: पैसे असतील तर वेगळी वाट घे, नसतील तर सोस.

१६ एप्रिल २०२५ ला आमच्या जिल्ह्यात, अमरावतीजवळ बेलोऱ्याला, विमान उतरू लागलं. विमानतळ अजून लहान आहे, पुढे वाढेल. त्या वाढीच्या नकाशात खुर्च्या, नळ आणि चहाची टपरी कुठे असेल, हे विचारायची वेळ आत्ता आहे, कंत्राटं सुटल्यावर नाही. दिवाळीच्या त्या रात्री भांडण संपलं तसे भाचा, मावसभाऊ आणि मी कागद घेऊन बसलो. एक अर्ज एसटीच्या आगारप्रमुखांना, एक विमानतळाच्या व्यवस्थापनाला. मजकूर जवळपास सारखाच ठेवला: पिण्याचं थंड पाणी, रात्री उघडं राहणारं स्वच्छ संडास-मोरी, परवडेल असा चहा-नाश्ता. भाच्याने मोबाइलवर टंकून दिलं, मावसभावाने गावातून सह्या गोळा करायचं अंगावर घेतलं. चौथी मागणी वहिनीने स्वयंपाकघरातून सांगितली आणि ती तिच्याच शब्दांत लिहिली आहे: "बाकाले मधी दांडा नोको."